सोमवारचा पाऊस

“अठ्ठावीस पूर्णांक आठ मिलिमीटर,” तलाठी पांचाळ म्हणाले आणि त्यांनी हातातला कागद वर्तमानपत्रांच्या ढिगावर ठेवला. “महिन्याभरात एवढा पाऊस झालाय निंबसूरला. म्हणून दुष्काळाच्या यादीत नाव नाही.”

वाचनालयात तेव्हा सात-आठ माणसं होती. शनिवारी दुपारी असायची तेवढीच. बाहेर डिसेंबरचं ऊन लख्ख पडलं होतं. आभाळात औषधालाही ढग नव्हता.

त्या साली परतीचा पाऊस आमच्याकडं फिरकलाच नाही. काळ्या रानातली ज्वारी कशीबशी कमरेइतकी झाली, पोटरीत आली, आणि तिथंच अडली. कणीस पोटरीतून बाहेर पडेना. विहिरींचे तळ दिसू लागले होते, कडब्याच्या गंजी बुडाशी आल्या होत्या. यादीत नाव आलं असतं तर गावात चारा डेपो उघडला असता, दिवसाआड टँकर आला असता. नाही आलं, तर गुरुवारच्या बाजारात गावाची जनावरं ओळीनं उभी करायची, एवढंच हातात उरलं होतं. त्या बाजारातून ती कुठं जातात हे सगळ्यांना माहीत होतं.

“पांचाळ,” सरपंच व्यंकटराव बिडवे सावकाश म्हणाले, “कुठं पडलाय तेवढं दाखवा. मी तिथं जाऊन आंघोळ करून येतो. चार दिवस झाले, अंगाला पाणी न्हाई.”

माणसं हसली. पांचाळांना मात्र हसू आलं नाही. “मला काय विचारता? ह्यांना विचारा. ह्यांच्या यंत्रात पडलाय.”

आणि सगळे माझ्याकडं वळले.

मी गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल होतो. वाचनालयाच्या आवारात सरकारचं पर्जन्यमापक बसवलेलं होतं. कमरेच्या खाली येणारं एक नळकांडं, वर पितळी काठाचं नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा, सही करायची आणि तहसीलला कळवायचं. हे काम माझ्याकडं एकोणीस वर्षं होतं. गावात मला सहसा कुणी विश्वंभर म्हणत नसे. पुस्तकराव म्हणत.

“बोला पुस्तकराव,” सरपंच म्हणाले. “कवा पडला ह्यो पाऊस?”

“यंत्रात पाणी होतं,” मी म्हणालो.

“आन् भुईवर?”

भुईवर नव्हतं, हे मला त्यांच्याइतकंच माहीत होतं. मी टेबलावरचा पेपर उचलून घडी केला, पुन्हा उलगडला. थोडा वेळ वाट पाहून माणसं उठली. मंगळवारी तहसीलमध्ये दुष्काळ पाहणीचं पथक हरकती ऐकणार होतं. तिथं जाऊन भांडायचं, असं बोलत बोलत ती पायऱ्या उतरून गेली. त्यांचा राग तहसीलवर होता. माझ्यावर रागावण्याइतकं मला कुणी मोजत नव्हतं.

एकटा उरल्यावर मी नोंदवही काढली. पहिल्यांदा यंत्रात पाणी दिसलं ती सकाळ मला आठवत होती. बाटली हातात धरून मी आवारातल्या मातीकडं पाहिलं होतं. माती कोरडी. मग मनाशी म्हणालो, रात्री सर आली असेल, तहानलेल्या जमिनीनं पिऊन टाकली असेल, आपल्याला झोप लागली असेल. आता हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. पण त्याच्या पाच वर्षं आधी एका आकड्यापुढं मी ‘शंकास्पद’ असं लिहिलं होतं, तेव्हा तपासणीला आलेल्या साहेबांनी चारचौघांत सुनावलं होतं, “तुम्हाला मोजायला ठेवलंय, शंका घ्यायला नाही.” तेव्हापासून मी शंका फक्त स्वतःबद्दल घेत होतो. आणि खरं सांगायचं तर, त्या सकाळी बाटलीत पाणी बघून मला बरंही वाटलं होतं.

वहीत चार आकडे होते. सात पूर्णांक दोन. सात. सात पूर्णांक चार. सात पूर्णांक दोन. पाऊस इतका सारखा सारखा पडत नाही, हे तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि तारखांवर बोट ठेवत गेलो.

चारही सोमवार होते.

*

सोमवारी पहाटे दिशा फटफटायच्या आत मी वाचनालयात जाऊन बसलो. दिवा लावला नाही. खिडकीची एक फळी किलकिली करून घोंगडी पांघरून बसलो. थंडी मरणाची होती आणि कोरडी होती. ओठ फुटत, पण गवताच्या काडीवर दवाचा थेंब नसे. आदल्या संध्याकाळी रेडिओवर सांगितलं होतं, उत्तरेकडून कोरडे वारे, पुढचे पंधरा दिवस पावसाची शक्यता नाही.

उजाडता उजाडता आवाराच्या फाटकाची कडी वाजली. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेली एक बाई आत आली. हातात तांब्या, तांब्यावर फुलपात्र. चालण्यावरून मी ओळखलं. केवळामाय.

केवळाबाई सलगर. सत्तरीच्या पुढची बाई. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेली. घरी ही एकटी, दोन बैल, एक गाय आणि सडकेच्या कडेचं तीन एकर रान. ती यंत्रापाशी आली, तांब्यातून फुलपात्र काठोकाठ भरलं, थेंब सांडू न देता नरसाळ्यात ओतलं. मग फुलपात्र तांब्यावर पालथं घातलं आणि हात जोडले.

मी बाहेर आलो. “माय, काय करालीस इथं?”

ती दचकली नाही. “कोन, इस्वंभर? इतक्या येरवाळी? देवाला घालून आले बाबा. एक फुलपात्र देवाला, एक ह्याला.”

“ह्याला कशाला?”

“औंदा कुनी महादेव कोंडला का?” तिनं मलाच विचारलं.

पाऊस ताणला की आमच्याकडं महादेव कोंडतात. गाभाऱ्याची मोरी बुजवायची आणि घरोघरच्या घागरी ओतून पिंड पाण्याखाली जाईपर्यंत गाभारा भरायचा. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस सोडतो, अशी समजूत. त्या साली सरपंचांनी दोनदा विषय काढला होता आणि दोन्ही वेळा बायकांनी विचारलं होतं, पाणी कुठलं आणायचं?

“गाभाऱ्याला शंभर घागरी लागत्यात,” केवळामाय म्हणाली. “ह्ये ल्हान हाय. म्हनलं, सरकारचा का आसंना, पावसाचाच देव हाय. एवढा तर माज्यानं कोंडवंल. तू रोज वाकून दर्शन घेतूस, त्ये बगते की मी.”

एकोणीस वर्षांत मी दर्शन घेत होतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

“मग भरला का?” मी विचारलं.

“कुटलं भरतंय. घातलं की गडप. लई तहानलंय बग त्ये.” तिनं पितळी काठावर हात फिरवला, वासराच्या पाठीवर फिरवावा तसा. “पन मी बी सोडनार न्हाई. भरंस्तवर घालनार.”

“पाणी कुठनं आणतीस?”

“तळ्यातल्या झऱ्यावरनं. दीड कोस हाय. एक खेप व्हती दिवसाला. गुडघं बोलायलेत आता.” मग ती जवळ येऊन हळूच म्हणाली, “यादीत नाव न्हाई म्हनं आपलं. माज्या बैलास्नी काय घालू रं मी? पोरगं परत यील आन् म्हनंल, माय, तुज्या भरवशावर ठिवली हुती जोडी. गुरुवारचं मी न्हाई न्हेनार बाजारात. न्हाईच न्हेनार.”

मला त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ती दीड कोसाच्या पाण्याचा तांब्या काखेत घेऊन उभी होती, आणि मी चार सोमवार तिचं पाणी मापात मोजून लिंबाच्या बुडाशी ओतून दिलं होतं. “जा माय, थंडी आहे,” एवढंच मी म्हणालो.

साडेआठला मी बाटली काढली. सात पूर्णांक एक. त्या दिवशी वहीत शून्य लिहिलं.

*

सरपंच गोठ्यात होते. मी म्हणालो, “त्या नोंदी चुकल्यात. ते पाणी पावसाचं नव्हतं.”

“मग कशाचं हुतं?”

“कुणीतरी ओतलं.”

“कुनी?”

मी बैलाकडं पाहत राहिलो. सरपंचांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. “बरं, ऱ्हाऊ द्या. नाव कशाला पायजे. उद्या मी बोलतो. म्हनतो, यंत्र गळकं हाय.”

“गळक्या यंत्रात पाणी कमी दिसेल. जास्त नाही.”

“मग म्हनतो, माकडानं ओतलं.”

“माकडं दोन महिन्यांपूर्वीच गाव सोडून गेलीत. खायला नाही म्हणून.”

“मग पुस्तकराव,” सरपंच शेणाचे हात झटकत म्हणाले, “तुमीच बोला. तुमच्याइतकं आडवं लावायला मला येत न्हाई.”

असं ते माझ्या गळ्यात पडलं.

दुपारी जेवताना मी बायकोला, प्रयागला, सांगितलं. सगळं सांगितलं, केवळामायचंही. ती भाकरी थापायची थांबली.

“तुम्ही बोलणार? पथकापुढं?”

“हो.”

“पंगतीत मीठ मागायला लाजता तुम्ही. आळणी खाऊन उठता.”

“लिहून नेतो.”

“न्या. पण वाचताना मान वर करा. नाहीतर त्यांना नुसतं टक्कल दिसायचं.” थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, “म्हातारीचं नाव घेऊ नका. यादीतून नाव तिच्यापायी गेलं असं कळलं तर गाव तिला पाणी भरू देणार नाही.”

तेच माझ्याही मनात होतं. आणि दुसरंही एक होतं. तालुक्याला वर्तमानपत्रांचे वार्ताहर असत. त्यांनी गंमत म्हणून छापलं असतं, म्हातारीनं सरकारी यंत्राला पाणी पाजलं. वाचनालयात बसून माणसांनी ते मोठ्यानं वाचलं असतं. ती माणसं वाचताना कशी हसतात ते मी रोज पाहत होतो.

मी दोन पानं लिहून काढली. चार वेळा पक्की केली.

*

पथकाच्या प्रमुख एक बाई होत्या. टेंभुर्णे मॅडम. चाळिशीच्या, आवाज खाली, डोळे कागदावर. सभागृहात पन्नासेक गावांची माणसं होती आणि जो तो ओरडून बोलत होता. निंबसूरचं नाव पुकारलं तेव्हा सरपंचांनी मला पाठीला हात लावून पुढं ढकललं.

मी खिशातून पानं काढली.

“वाचू नका,” मॅडम म्हणाल्या. “सकाळपासून निवेदनंच ऐकतेय. काय झालं ते सांगा.”

माझ्यापुढं टेबल होतं, टेबलावर हिरवं कापड होतं, कापडावर शाईचा डाग होता. त्या डागाकडं बघत मी म्हणालो, “त्या चार नोंदी खोट्या आहेत. त्या मी लिहिल्यात.”

सभागृहातला आवाज थोडा उतरला.

“खोट्या म्हणजे? पाऊस नसताना आकडे टाकले?”

“यंत्रात पाणी होतं. मोजमाप बरोबर आहे. पण ते पाणी पावसाचं नव्हतं.”

“कशावरून?”

“चारही दिवस सोमवार आहेत, मॅडम. पाऊस वार बघून पडत नाही.”

मागं हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझी वही ओढून घेतली, तारखा पाहिल्या, मग शेजारच्या कारकुनाकडून आसपासच्या महसूल मंडळांचे पावसाचे तक्ते मागवले. त्या चारही तारखांना सगळीकडं शून्य होतं. त्यांचं बोट एकेका शून्यावरून खाली सरकत गेलं.

“मग पाणी आलं कुठून?”

“ओतलेलं होतं.”

“कोणी ओतलं?”

“नोंदीखाली सही माझी आहे.”

“मी सहीचं विचारलं नाही.”

“मला तेवढंच सांगता येईल.”

त्यांनी चष्मा काढला. “महिनाभर तुम्ही लिहून देत होता, पाऊस पडला. आज म्हणता, पडला नाही. दोन्ही वेळा तुम्हीच. यातल्या कोणत्या माणसावर मी विश्वास ठेवू?”

हा प्रश्न मी स्वतःला आयुष्यभर विचारत आलोय. पण सभागृहाच्या खिडकीतून तालुक्याचा जनावरांचा बाजार दिसत होता. गुरुवार नव्हता तरी दावणी बांधायला आतापासून खुंट्या ठोकत होते. प्रत्येक घाव इथवर ऐकू येत होता.

“कोणावरच ठेवू नका,” मी म्हणालो. “रान बघायला चला.”

हे मी म्हणालो, असं सरपंच पुढं कितीतरी वर्षं लोकांना सांगत. मला मात्र ते दुसऱ्याच कुणीतरी म्हटल्यासारखं ऐकू आलं होतं.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. “जेवणाची सुट्टी आहे. तेवढ्यात जाऊन येऊ.”

जीपमध्ये मी मागं बसलो. सडकेच्या दोन्ही बाजूंनी सपाट रान, नजर जाईल तिथवर राखेच्या रंगाची ज्वारी. बऱ्याच वेळानं मॅडमनी मान न वळवता विचारलं, “यापुढं पडेल का?”

“नाही पडणार.”

“एवढ्या खात्रीनं?”

“खात्री मला कशाचीच नसते, मॅडम. पण माझ्याकडं एकोणीस वर्षांच्या वह्या आहेत. पौषाच्या तोंडाशी पाऊस तीनदाच आला. तिन्ही वेळा आधी परतीचा भरपूर झालेला होता. यंदा तो नाही आणि वारं उत्तरेचं आहे. पडेल या आशेवर जनावरं बांधून ठेवायला सांगू नका.”

सरपंच माझ्याकडं असे बघत होते, जणू त्यांच्या शेजारी बसलेलं पोतं बोलू लागलं होतं.

गावाअलीकडं जीप थांबली. मॅडमनी थांबवली म्हणून थांबली, मी जागा निवडली नव्हती. ते रान केवळामायचं होतं. ती बांधावर गाय धरून उभी होती. गाय सुकलेली पानं ओरबाडत होती. जीप बघून गावातली माणसंही सडकेनं पळत आली.

मी सरळ रानात शिरलो. ज्वारीच्या दोन ओळींमधली भुई हातभर रुंदीच्या तुकड्यांत फाटली होती. “मॅडम, एवढा पाऊस या जमिनीवर पडला असता तर या भेगा मिटल्या असत्या,” मी म्हणालो. “काळी जमीन पाणी लागलं की फुगते. निदान वरची वीतभर तरी ओली असती.”

“वरून मला काय कळणार?” त्या म्हणाल्या.

मग मी सदऱ्याची बाही वर सारली, भुईवर पालथा झालो आणि भेगेत हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, दंड गेला. खांदा जमिनीला टेकला तरी बोटांना तळ लागला नाही. गाल मातीवर होता. सगळं गाव माझी पाठ पाहत होतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. माझ्या उभ्या जन्मात तेवढ्या वेळापुरतं वाटलं नाही. आतली माती मुठीत घेऊन मी हात वर काढला. मूठ उघडली तसं ते पीठ वाऱ्यानं उडून गेलं.

मॅडमनी फाईल सरपंचांच्या हातात दिली. पदर खोचून त्या गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनीही हात घातला. भेगेच्या काठावर बांगड्या वाजल्या. बाहेर काढलेली माती त्यांनी बोटांत चोळली, नाकाशी नेली. उठून एक पोटरी नखानं चिरली. आतलं कणीस पांढरं, कागदासारखं होतं.

“ह्याच्यात दाना भरत न्हाई आता,” केवळामाय बांधावरून म्हणाली.

“आजी, महिन्याभरात पाऊस झाला का इथं?”

“बाई, पाऊस झाला आसता तर मी हितं तुमच्याकडं बगत हुबी ऱ्हायले आसते का? खुरपत बसले नसते?”

मॅडमना पहिल्यांदा हसू आलं. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी उभ्या उभ्या लिहायला घेतलं. लिहिता लिहिता थांबल्या. “नोंदी रद्द करायच्या तर चूक कशामुळं झाली ते लिहावं लागतं. रकाना आहे. काय लिहू?”

बांधावर गाय पान तोडत होती, त्याचा तेवढा आवाज येत होता. प्रयागनं सांगितलेलं मला आठवलं आणि केवळामायकडं नजर जाऊ नये म्हणून मी मान फिरवली.

“मी लिहितो,” मी म्हणालो.

त्यांनी पेन दिलं. मी लिहिलं: ‘नोंद घेणाऱ्याने पाणी मोजले. आभाळाकडे पाहिले नाही.’ खाली सही केली.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. “हे तुमच्या अंगावर येईल.”

“येऊ द्या,” मी म्हणालो.

*

बुधवारी रात्री पांचाळ निरोप घेऊन आले. यादी दुरुस्त झाली होती. गुरुवारच्या बाजाराला निंबसूरचं एकही जनावर गेलं नाही. आठव्या दिवशी शाळेच्या मैदानात उसाच्या वाढ्यांच्या आणि कडब्याच्या गाड्या उतरल्या. त्याच आठवड्यात मला पत्र आलं. त्यात हलगर्जीपणा हा शब्द तीनदा होता. पाऊस मोजायचं काम कोतवालाकडं गेलं आणि यंत्राभोवती कुलपाचं जाळीदार दार बसलं.

डेपो उघडल्यावर चार-पाच दिवसांनी केवळामाय वाचनालयाच्या पायरीपाशी आली. डोक्यावर वाढ्यांचा भारा होता.

“कुलूप कशापायी घातलं रं? मी सोमवारी येऊन माघारी गेले.”

मी तिला पायरीवर बसवलं आणि सांगितलं. ते पाणी देव पीत नव्हता, खालच्या बाटलीत जात होतं. ते मी मोजत होतो, पाऊस म्हणून लिहीत होतो आणि तालुक्याला कळवत होतो. गावाचं नाव त्यामुळं गेलं होतं. हे सांगायला मला दोन आठवडे लागले होते. सांगताना मी तिच्या भाऱ्याकडं बघत होतो.

“म्हंजी माज्यापायी गेलं हुतं नाव?”

“माझ्यापायी. मी वर बघितलं नाही.”

“आन् त्या बाईम्होरं माजं नाव का घेतलं न्हाईस?”

“तुला त्रास झाला असता, माय. लोक हसले असते.”

“हसले आसते तर हसले आसते. मला काय फाशी देनार हुते?” ती उठून उभी राहिली. तिला असं रागावलेलं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र चढला नव्हता. “दीड कोस डोस्क्यावर आनलेलं पानी हुतं त्ये. माज्या तोंडचं काडून घातलं हुतं मी. चुकलं तर चुकलं, पन माजं हुतं. आन् तू सही करून आपल्या नावावर घेतलंस.”

मी उठून तिला भारा डोक्यावर चढवायला हात दिला. तिनं तो घेतला नाही. खांबाला टेकून तिनं भारा स्वतःच चढवला आणि ती निघून गेली.

तोवर मला वाटत होतं की जन्मात एकदा तरी आपल्या हातून न कचरता नीट काम झालं. त्या दिवसापासून त्याचीही खात्री राहिली नाही. केवळामाय त्यानंतर सात वर्षं होती. तिच्या दारावरून गेलो की नेहमीसारखी हाक मारी, प्रयागची चौकशी करी, मुलानं नवी बैलजोडी आणली तेव्हा दाखवायला घेऊन गेली. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही आणि मला काढवला नाही. आज मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. ती नोंदवही तालुक्याच्या कुठल्या तरी कपाटात असेल, वाळवीनं खाल्ली नसेल तर. तिच्यात आता माझ्या हातानं काही लिहिता यायचं नाही.

म्हणून ती दुरुस्ती इथं करतो. निंबसूर, चार सोमवार, एकूण अठ्ठावीस पूर्णांक आठ मिलिमीटर. पाणी केवळाबाई गणपती सलगर यांचे.